बगळा आणि किल्ली

लॉयड टिमन्स पत्त्यांत हरला तरी हसत उठे. शेजाऱ्याचं गवत आपल्यापेक्षा हातभर उंच वाढलं तरी "यंदा साधलं बुवा तुला" म्हणून मोकळा होई. पण एका पिवळ्या किल्लीचं नाव कुणी काढलं की त्याच्या पोटात दुखायला लागे.

ती किल्ली कुठल्या कुलपाची नव्हती. नव्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, डाव्या कोपऱ्यात बसलेलं ते एक चित्र होतं. त्यावर दोनदा टिचकी मारली की इंटरनेट उघडे. ज्या कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम, तिचाच हा ब्राउझर. कारखान्यातून यंत्र निघतानाच तो आत ठाण मांडून येई. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी बसवलंही नव्हतं.

लॉयडचा ब्राउझर वेगळा. त्याचं नाव हेरन, म्हणजे बगळा. पान येत असताना पडद्यावरचा बगळा एका पायावर उभा राही आणि पान पुरतं आलं की दुसरा पाय हलकेच खाली टेकवी. लॉयडला ते बघायला फार आवडे. तीस वर्षं तो किटिटासच्या खोऱ्यात टेलिफोनच्या खांबांवर चढला होता. पाठीने दगा दिल्यावर खांब सुटले, पण तारांची ओढ सुटली नाही. लोकांच्या घरी इंटरनेट यायला लागलं तेव्हा तो मासेमारीच्या पत्र्याच्या डब्यात सात फ्लॉप्या घेऊन निघाला. ओळीने सातही घालायच्या, मग बगळा घरात येई. या कामाचं त्याने कुणाकडून काही घेतलं नाही. चुलीवर जे असेल ते खायला वाढायचं, एवढीच रीत.

खांबावरची एक सवय मात्र त्याने घरांत आणली. काम झालं की तो कीबोर्ड उलटा करी, मागे कागदी चिकटपट्टी लावी आणि तीवर पेन्सिलीने तारीख लिही. खोऱ्यातल्या एकोणचाळीस घरांत कीबोर्डाखाली त्याचं अक्षर होतं. ही गोष्ट तो कुणाला सांगत नसे, पण गाडी चालवताना मनाशी घोळवत असे.

सगळ्यात लांब पट्टी बर्निस ऑस्टलंडकडे होती. चौदा महिन्यांत अकरा तारखा. बगळ्याच्या नव्या आवृत्त्या तीनच आल्या होत्या. उरलेल्या आठ वेळा लॉयडने काही ना काही निमित्त काढलं होतं. बर्निसचा नवरा आर्ने जाऊन सहा वर्षं झाली होती. चाळीस एकर गवत, दोन म्हाताऱ्या घोड्या आणि ती. महिन्यातल्या एखाद्या गुरुवारी तीन वाजता लॉयड जाई, साडेतीनला केक समोर येई, आणि वाऱ्याने दार आपटलं की दोघंही एकदम "अगं बाई", "अरेच्चा" म्हणत. लॉयडच्या अख्ख्या महिन्यात दिवस म्हणावा असा तेवढाच एक होता.

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरातल्या एका गुरुवारी तो डबा घेऊन गेला आणि दारातच थबकला. टेबलावर नवा कॉम्प्युटर होता. पडद्यावर डाव्या कोपऱ्यात किल्ली.

"कर्टने पाठवला," बर्निस म्हणाली. कर्ट तिचा मुलगा, अलास्कात असतो. "खोक्यातून काढला, तार लावली, सुरू. मला वाटलं तुला बोलवावं लागेल, पण काही लागलंच नाही बघ!"

"काहीच नाही?"

"किल्ली दाबली की उघडतंय. तुझ्या त्या पाखरापेक्षा चटकन."

"ते पाखरू नाही, बगळा आहे."

"बगळा पाखरूच असतो, लॉयड."

लॉयडने डबा छातीशी धरला. "जुना कुठाय?"

"कोंबड्यांच्या खोपटात. अरे, तोंड का असं केलंस? मी तुझं कुत्रं विकलं नाही."

त्याने सहज केल्यासारखं करून नवा कीबोर्ड उलटा केला. खाली गुळगुळीत काळं प्लास्टिक. अकरा तारखा कोंबड्यांच्या धुळीत पडल्या होत्या आणि एका फुकट आलेल्या चित्राने त्याची खुर्ची बळकावली होती. फ्लॉप्या घेऊन वाऱ्यापावसात तो हिंडला होता, ही किल्ली नाही. ती नुसती खोक्यातून आली आणि बर्निस तिचं कौतुक करत होती, चटकन म्हणत होती.

"कर्टच्या बायकोला काल मुलगी झाली," बर्निस म्हणाली. "चार वाजता फोटो पाठवतोय. तोवर घोड्यांना पाणी दाखवून येते. केक भट्टीत आहे, वास आला की उघड."

ती गेली. लॉयड पडद्यासमोर बसला. कोर्टात म्हणे वकील भांडत होते, हा ब्राउझर सिस्टिमपासून सुटा करता येतो की नाही. लॉयडला त्यात भांडण्यासारखं काही दिसलं नाही. खांबावर त्याने शेकडो सडक्या तारा कापल्या होत्या. त्याने आतली कपाटं उघडली, किल्लीची सगळी पिल्लं, म्हणजे तिच्या फाइली, एकेक शोधली आणि पुसून टाकली. फार दिवसांनी पाठ दुखायची थांबली होती. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं की बगळा बसवायचा, पट्टी लावायची, बारावी तारीख घालायची.

यंत्र सुरू झालं, पण पडदा पांढरा. कशावरही टिचकी मारली तरी काही उघडेना. फ्लॉपी घातली, तर ती दाखवणारी खिडकीच येईना. किल्ली आणि सिस्टिम एकमेकांत अशी विणली होती की एक धागा ओढताना त्याने सगळं कापड उसवलं होतं.

केकचा वास आला, मग जरा जास्त आला. लॉयड उठला नाही.

बर्निस आत आली, भट्टी उघडली, कडेने काळपट झालेला केक बाहेर काढला आणि पडद्याकडे पाहिलं. "हे काय?"

"आपोआप झालं" हे शब्द लॉयडच्या ओठांवर आले होते. पण तारवाल्याने खांबाबद्दल खोटं बोलायचं नसतं, त्यावर मागून दुसरा कुणीतरी चढणार असतो.

"मी किल्ली काढली," तो म्हणाला. "नुसती तीच निघेल असं वाटलं."

"कशाला?"

"मला... ती नको होती. इथे."

बर्निसने केक ओट्यावर टेकवला. घड्याळात पावणेचार झाले होते. मग तिने खोक्यातून सिस्टिमची सीडी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. "तू काढलीस, तूच बसव. मला माझी नात बघायचीय."

लॉयडने सीडी घातली. यंत्र घरघरू लागलं आणि पडद्यावर एक निळी पट्टी भरत चालली. तासभर. शेवटी पिवळी किल्ली पुन्हा कोपऱ्यात येऊन बसली, त्याच्या स्वतःच्या हाताने. बर्निसने टिचकी मारली. फोटो वरून खाली एकेक रेघ उतरला, आधी केस, मग कपाळ, मग घट्ट मिटलेले डोळे.

"आर्नेचं नाक!" बर्निस म्हणाली आणि एप्रनने डोळे पुसले.

लॉयडलाही नाक दिसलं. पण त्याआधी त्याला दिसलं की किल्लीने फोटो बगळ्यापेक्षा खरंच चटकन आणला. त्या घडीलाही त्याला ते टोचलं.

त्याने डबा उचलला. बर्निसने बसायला सांगितलं नाही. केकचा न जळलेला भाग कापून तिने एका बशीत ठेवला आणि वर चांदीचा कागद दाबला. घरी न्यायला केक देणं म्हणजे काय, ते लॉयडला कळत होतं. तो पायऱ्या उतरला, गाडीजवळ पोचला.

"लॉयड!" ती दारातून ओरडली. वाऱ्याने अर्धे शब्द उडवले. "ती बशी आर्नेच्या आईची आहे. फोडलीस तर बघ."

त्याने खाली पाहिलं. कागदी बशी नव्हती. कडेला निळी फुलं असलेली जुनी चिनी मातीची बशी होती. या खोऱ्यात दुसऱ्याची बशी परत न्यायची तर रिकामी नेत नाहीत. आणि बशी न्यायला फ्लॉपी लागत नाही, आवृत्ती लागत नाही, निमित्त शोधावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉयडने आपल्या कॉम्प्युटरवर बगळा उघडला आणि पीचच्या केकची कृती शोधली. बगळा एका पायावर उभा राहिला, खूप वेळ उभा राहिला. पान आलं ते वाकडंतिकडं, मैद्याचं माप अंड्यांवर चढलेलं. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, हे पान किल्लीतून बघितल्यास उत्तम दिसेल.

लॉयडने पडद्याला एक सणसणीत शिवी हासडली. मग चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि एकमेकांवर चढलेली ती अक्षरं एकेक सोडवून, पेन्सिलीने, चिकटपट्टीवर उतरवून घ्यायला लागला.