शाहिरांचं खातं

सौंसरच्या शाहिरांना आमच्या भागात मोठा मान. खडी गंमत म्हणजे आमच्याकडचा तमाशा, त्यात सवाल-जवाब लागला की त्यांच्यासमोर कोणी टिकत नसे. गेल्या दिवाळीनंतर ते फेसबुकवर राजकारणावर लिहू लागले. हळूहळू भाषा विखारी झाली. एकदा त्यांनी एका समाजाला नावं ठेवली, तेव्हा मला राहवलं नाही. मी पांढुर्ण्यात नागरिकशास्त्र शिकवणारा मास्तर. ज्याचा शब्द लोक झेलतात त्यानं असं बोलू नये, एवढंच मी खाली लिहिलं. मिनिटभरात उत्तर आलं, "मास्तर, तुम्ही शाळा पाहा."

मग ते रोजचंच झालं. त्यांनी लिहायचं, मी चूक-बरोबर ठरवायचं. लोक माझी पाठ थोपटायचे आणि मला ते आवडायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत, समोरासमोर बोलावं म्हणून बसनं सौंसरला गेलो. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. शाहीर खाटेवर पडलेले होते, तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे तेवढे फिरत होते.

"दिवाळीपासून असेच आहेत," ती म्हणाली. "एक शब्द निघून नाई राहिला."

मग लिहितं कोण, असं मी विचारलं. खाट धरली तेव्हा चार माणसं येऊन मोबाइल घेऊन गेली, नाव जिवंत ठेवतो म्हणाली, असं तिनं सांगितलं. कुठली माणसं, तिला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. शाहिरांच्या खात्यावर नवा मजकूर होता. मी तो त्यांना वाचून दाखवला आणि विचारलं, "हे तुम्हाला पटते का?" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि पापणी लववली.

"तसं ते दिवसभर करते, सर," बायको म्हणाली.

परतताना बसमध्ये मी माझा जुना मजकूर खोडत बसलो. पांढुर्णा यायच्या आत त्या खात्यावरून निरोप आला, "मास्तर, घरी येऊन गेले. बरं वाटलं." मी तिथे जाणार हे कोणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जाहीर लिहिलं की शाहीर बोलूच शकत नाहीत. खाली पहिलं उत्तर त्यांचंच आलं, "मी ठणठणीत आहे." त्यामागे लोक धावून आले. जित्या माणसाबद्दल असं अभद्र बोलणं मास्तराला शोभतं का, असं ते मला विचारत होते.