जळबाकाकांचं प्रोत्साहन

गावातल्या लेकरांना प्रोत्साहन द्यायचं काम जळबाकाकांकडे होतं. ते कुणी दिलं नव्हतं, काकांनीच घेतलं होतं. औंढा नागनाथ रस्त्यावरच्या त्या गावात दुसऱ्या कुणाला ते झेपलंही नसतं. हिंगोली आगारात उभी हयात कंडक्टरकी केलेल्या काकांच्या आवाजाला माईक लागत नसे. तरी ते माईक सोडत नसत, हा भाग वेगळा.

नोकरी सुटली आणि काका गावच्या शाळेत व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष झाले. नोकरीच्या सवयी मात्र सुटल्या नाहीत. दारात कुणी उभं दिसलं की “पुढं सरका, पुढं जागा हाय,” असं तोंडातून निघून जायचं. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. हे हाडात इतकं मुरलेलं, की मालनबाईंनी तांब्यावर पळी एकदा वाजवली तर काका होते तिथं थबकायचे, दोनदा वाजवली तर चालू लागायचे. नवरा कह्यात ठेवायला बायकांना काय काय करावं लागतं. मालनबाईंचं पळीवर भागत होतं.

शाळेतलं गाणं-बजावणं हा काकांच्या जिव्हाळ्याचा विषय. संगीतानं लेकरू धीट होतं, लेकरांनी पुढं आलं पाहिजे, आईबापांनी त्यांना पाठवलं पाहिजे, असं ते दर स्नेहसंमेलनात पोटतिडकीनं सांगत. इतक्या पोटतिडकीनं, की पुढं आलेल्या लेकरांना गायला वेळच उरत नसे.

गेल्या वर्षी तेच झालं. प्रतिमापूजन झालं, पाहुण्यांचे सत्कार झाले, मग ज्यांचा सत्कार राहिला ते रुसतील म्हणून त्यांचे झाले. त्यानंतर काका ‘चार शब्द’ बोलायला उठले. चार शब्द संपले तेव्हा साऊंडवाला वायर गुंडाळत होता. सरिता मॅडमचं गायनपथक नटूनथटून पडद्यामागं उभं होतं. त्यातली दोन पोरं तर तिथंच झोपून गेली होती. उरलेल्यांनी खुर्च्या उचलायच्या गोंधळात एक कडवं म्हटलं आणि ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्या रांगेत काकांची नात ऐश्वर्याही होती. घरी येऊन तिनं तोंडावरची पावडर खसाखसा धुतली. “मी आता शाळेत गानार न्हाई,” ती म्हणाली. त्यावर काकांनी तिला खचून न जाण्याबद्दल एक भाषण दिलं.

यंदा ती सातवीत होती. म्हणजे या शाळेतलं शेवटचं वर्ष, पुढं हिंगोलीला जायचं. सरिता मॅडमनी मिनतवाऱ्या करून तिला पुन्हा पथकात आणलं, हळदीवर स्वतः एक गाणं रचलं आणि ते तिला एकटीला म्हणायला दिलं. बाकीची पोरं साथीला. ऐश्वर्या रोज परसात, वाळत घातलेल्या हळदीजवळ बसून गळा तयार करायची. नेमके त्याच वेळी काका अंगणात भाषण तयार करायचे.

“आवो, पोरगी काय म्हनून राहिली ते एकदा ऐका तरी,” मालनबाई म्हणाल्या.

“ऐकतो की. पहिलं माझं बराबर बसू दे. मी न्हाई बोललो तर लेकरायला प्रोत्साहन कोन देईल?”

ऐश्वर्यानं मग सरळच विचारलं, “आबा, औंदा माझं गानं व्हईल ना?”

“व्हईल म्हंजे? अध्यक्ष कोन हाय?”

पोरीला धास्ती होती ती याचीच.

संमेलनाच्या दिवशी साऊंडवाल्यानं आल्याआल्याच सांगून टाकलं, की दिवेलागणीला त्याला कुरुंद्यात एका लग्नाच्या हळदीत पोचायचंय. पाहुणे त्याच्यानंतर आले. शाली आल्या, नारळ आले, सत्कार झाले. ऊन शाळेच्या भिंतीवरून वर सरकलं तेव्हा काका माईकपाशी गेले आणि म्हणाले, “मी जास्त वेळ घेनार न्हाई.”

हे ऐकून गावानं मांडी बदलून घेतली.

काका रंगात आले. संगीतावर बोलले, मोबाईलवर घसरले, तिथून आपल्या नोकरीवर आले. साऊंडवाल्यानं घड्याळ पाहिलं आणि तो एका वायरीकडं निघाला. पडद्याआड सरिता मॅडमनी कपाळाला हात लावला. ऐश्वर्यानं ते सगळं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याहून जास्त राग आला. साथीच्या वाद्यांत लोखंडी त्रिकोण होता, काडीनं टणकन वाजणारा. तो तिनं उचलला, आबांच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली आणि काडीचा एकच टोला दिला.

टण्ण.

“...म्हनून मी पालकांना सांगतो, लेकरायला पुढं—” काका थांबले. हात वर, तोंड उघडं. का थांबलो हे त्यांचं त्यांनाही कळेना. गावाला मात्र कळलं, आणि पहिलं हसू बायकांतून आलं. ते मालनबाईंचं होतं.

मग दोन टोले पडले. काका निमूटपणे चालू लागले, ते थेट मंचाखाली. पेटी सुरू झाली. साऊंडवाला वायर हातात धरून तसाच उभा राहिला.

*हळद पिवळी, हात पिवळे,*
*आईच्या पदराला ऊन लागले...*

खुर्च्या पाहुण्यांनी भरलेल्या होत्या, म्हणून काका पोराटोरांत सतरंजीवर बसले. आपल्या घरात हा आवाज होता आणि आपण अंगणात उभे राहून तो दाबत होतो, हे त्यांना तिथं उमगलं. त्यांना लाज वाटली. अभिमानही वाटला, पण लाज जास्त वाटली. गाणं पुरं झालं, शेवटच्या कडव्यासकट.

बाहेर पडताना लोक काकांना सांगत होते, “काका, औंदा तुमचं भाषन लय चांगलं झालं.” खोटं कुणीच बोलत नव्हतं.

घरच्या वाटेवर ऐश्वर्यानं विचारलं, “आबा, कसं झालं माझं गानं?”

गावभरच्या लेकरांना वर्षानुवर्षं प्रोत्साहन वाटलेल्या माणसाला सख्ख्या नातीसाठी एक शब्द सापडेना. शेवटी ते म्हणाले, “सकाळी परसात परत म्हनशील का? मी येऊन बसतो.”

“बोलनार न्हाई ना मधी?”

“न्हाई.”

ऐश्वर्यानं क्षणभर विचार केला. “तरी मी आजीची पळी जवळ ठेवीन,” ती म्हणाली.