शेटजींच्या जागी रुमाल

चहा निवेपर्यंत माझ्या पहिल्या वेबपानाची फजिती ऐकून घ्या. हसलात तरी चालेल, मी आता लाजत नाही. म्हणजे, थोडा लाजतो.

शाळा मी नववीतच सोडली. आमच्या गावी, बेल्याला, घरची कपाशी होती, पण माझं मन कॉम्प्युटरमध्ये. इंटरनेटचं नाव आमच्याकडे नुकतंच ऐकू यायला लागलं होतं, तेव्हा आदिलाबादच्या एका क्लासमध्ये मी एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची भाषा, शिकलो. एक दिवस सर म्हणाले, "इचोड्याच्या बियाणेवाल्या शेटजींचं पान बनव. त्यांना आवडलं, तर तुला इथंच शिकवायला ठेवतो."

शिकवायला! मला! अनोळखी माणसाला नाव सांगताना मला घाम फुटायचा.

शेटजी फोटो द्यायला आले, ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "हे पाह्य, फोटोत पोट दिसू नये बरं."

बस, एवढीच अट.

मी पान लिहिलं. दुकानाचं नाव, बियाण्यांची माहिती आणि मधोमध फोटोची खूण. त्या खुणेत आणखी एक जागा असते. फोटो आलाच नाही, तर त्याच्याऐवजी काय दाखवायचं, ते तिथे लिहायचं. पण फोटो न यायला काय झालं? मी तिथे आपल्या आठवणीसाठी इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवलं, 'पोट दिसू नये'. मग फोटो मशीनमध्ये घेऊन छातीपर्यंत कापला. क्लासच्या मशीनवर पान असं झकास दिसलं, की मी ते फ्लॉपीवर घेतलं आणि बस धरली.

फोटो वेगळा घेतला नाही. पानात होताच की! अल्बममध्ये चिकटवलेला फोटो कोणी सुटा नेतं का?

इचोड्याच्या दुकानात हळदकुंकू लावलेला नवा कॉम्प्युटर. समोर शेटजी, काकू, शेटजींचे मेव्हणे, शिवाय बियाणं सोडून पडदा पाहायला थांबलेली गिऱ्हाइकं. मी पान उघडलं. मजकूर सगळा जिथल्या तिथे. फोटोच्या जागी रिकामी चौकट, कोपऱ्यात लाल फुली, बाजूला अक्षरं.

मेव्हण्यांनी मोठ्यानं वाचलं, "पोट... दिसू... नये."

शेटजींनी हळूच पोट आत घेतलं.

"नाई दिसून राह्यलं," काकू म्हणाल्या. "पण पोटासंगं माणूसबी गेला न."

शेटजी माझ्याकडे वळले, "काऊन रे? मी कुठं हाय याच्यात?"

मी त्यांच्याच फोनवरून सरांना विचारलं.

"फोटोची फाईल नेली का?"

"पानातच आहे ना, सर."

"अरे, पानात फक्त मजकूर राहतो. फोटोची खूण म्हणजे बसच्या सीटवर टाकलेला रुमाल. जागा धरतो, पण बसणारा बाहेरून यावा लागतो. तो आला, की रुमालाच्या जागी तो दिसतो. तुझा रुमाल तिथं पोचला, माणूस इथंच मशीनमध्ये आहे."

मी फोन ठेवला आणि शेटजींना खरं तेच सांगितलं, "तुमी आदिलाबादलाच राहून गेले."

काकू पोट धरून हसल्या. शेटजी नाही हसले. "उद्या मले घेऊन ये. मंग सांगतो तुह्या सरले, तू कामाचा हायेस का नाई."

दुसऱ्या दिवशी पान आणि फोटो, दोन्ही फ्लॉपीत, फ्लॉपी खिशात. इचोड्यावरून जाणाऱ्या हैदराबादच्या बसला ही गर्दी! मी खिडकीतून सीटवर रुमाल टाकला आणि निर्धास्तपणे चहाला गेलो. परत आलो, तर बस गेलेली.

मागच्या बसनं उभ्या उभ्या इचोडा गाठला. पान उघडलं. शेटजी आले, छातीपर्यंत, अगदी नवरदेवासारखे. काकू म्हणाल्या, "आता आला माणूस." शेटजींनी तिथूनच सरांना फोन लावला, "ठेवा याले. पोरगं उशिरा येते, पण येते."

पहिल्या तासाला पोरांसमोर उभा राहिलो. रुमालाचीच गोष्ट सांगितली. मागून एकीनं विचारलं, "सर, माणूस चढलाच नाही तर?"

"तर रुमाल एकटाच हैदराबादला जातो," मी म्हणालो. "माझा गेला आहे."