शेपटीवाला बेडूक

मंडळी, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आज सकाळी इथे जर्मनीत, वाल्डॉर्फला, मुलाच्या घरी तळघराच्या खिडकीबाहेरच्या खड्ड्यात मला पाल दिसली. पाठ निळसर काळी, पोट भडक नारिंगी. विषारीच असणार, म्हणून मी झाडू उचलला.

"नाइन, आजोबा!" नात ईरा ओरडली, म्हणजे "नाही". तिला मराठी कळतं, पण उत्तर कायम जर्मनमध्ये. ती भराभर बोलली, त्यातलं मला एवढंच कळलं, "बेर्गमोल्श".

"म्हणजे पालच ना?" मी झाडू पुढे केला.

तिचे डोळे भरले. मग शब्द शोधत म्हणाली, "पाल नाही. खवले नाही. हा... शेपटीवाला बेडूक. मारायचा नाही, कायदा आहे."

"अहो बाबा, ती मराठीत बोलली!" सूनबाई म्हणाली. "आणि बरोबर बोलली. तो बेडकांचाच नातलग आहे."

ईराने हात ओले करून त्याला अलगद उचललं आणि घरामागच्या तळ्यात सोडलं. मी आपला "साबणाने हात धू" म्हणत मागे मागे.

माझं शिक्षण अर्धवट. या बेर्गमोल्शला मराठीत शब्द आहे का, ते तुम्हीच सांगा. असला तरी आमच्या घरी नातीचाच चालणार.