झाकून आणणारा माणूस

वारूळवाडीच्या मेहबूब आतारांना दोन तऱ्हेचे फोन येतात. पहिल्यात विहिरीतली मोटर जळालेली असते. दुसऱ्यात समोरचा माणूस स्वतःचं नाव सांगत नाही, गावाचं सांगतो आणि म्हणतो, “भाई, जरा यावं लागंल.” मग ते किती एचपीची मोटर, असं विचारत नाहीत. पाणी किती फूट आहे आणि बाज मिळेल का, एवढंच विचारतात.

त्यांचं वय एक्कावन्न. वडील जत्रांमधून आणि लेण्याद्रीच्या पायथ्याशी हळदकुंकू विकायचे. मेहबूबभाईंना बसून विकण्याचा कंटाळा होता. ते नारायणगावात एका रिवायंडिंगवाल्याकडे तांब्याची तार गुंडाळायला शिकले. अडकलेली पाणबुडी मोटर काढायला विहिरीत उतरावं लागायचं, म्हणून पोहायला शिकले, आणि मग दम धरायला. चोविसाव्या वर्षी एका विहिरीच्या तळाशी मोटर चाचपताना त्यांच्या हाताला माणसाचा हात लागला. ते वर आले, पायरीवर बसून ओकले आणि परत खाली गेले. तेव्हापासून जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत विहिरीत कोणी सापडलं की पोलीस पाटील त्यांनाच फोन करतात.

पद्धत साधी आहे. बाजेच्या चार पायांना चार दोर बांधून ती पाण्यात सोडायची. वर चार माणसं दोर धरून उभी राहतात. मेहबूबभाई बुडी मारून देह बाजेपर्यंत आणतात आणि बांधतात. पण त्याआधी ते एक काम करतात, जे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. कमरेला गुंडाळून नेलेलं मांजरपाटाचं अडीच मीटर कापड ते पाण्याखालीच देहाभोवती लपेटतात आणि दोन गाठी मारतात, एक खांद्याशी, एक गुडघ्याशी. हे कापड नारायणगावचे कापडाचे व्यापारी रूपचंदशेठ देतात. शेठ त्याची चिठ्ठी करत नाहीत आणि कशाला हवं तेही विचारत नाहीत.

कापडाची सवय दुसऱ्याच वेळेला लागली. तेव्हा देह एका बाईचा होता, अंगावर धड कपडा नव्हता, आणि बाज काठाला आल्यावर कोणीही मान फिरवली नव्हती. मेहबूबभाई पाण्यातच होते. खालून त्यांना वरची तोंडं दिसत होती, कठड्यावर गोल मांडल्यासारखी. त्याबद्दल ते एवढंच सांगतात की दम संपत आला होता, तरी त्यांना वर यावंसं वाटलं नाही.

काम झालं की गर्दी विरते. ओल्या बाजेला हात लावायला कोणी थांबत नाही. अंग धुवायला कोणीतरी बोअरचा पाइप लांबून त्यांच्याकडे टाकतं. फाट्यावरच्या हॉटेलात इतरांना काचेचा ग्लास मिळतो, त्यांना कागदी कप. शेजारच्या एका वाडीत तर त्यांनी देह काढला, आणि महिनाभराने त्याच विहिरीची मोटर काढायला मालकाने मंचरहून दुसरा माणूस आणला, कारण ‘पिण्याचं पाणी हाये राव’. हे सांगताना ते चिडत नाहीत. हॉटेलचा कप कागदी असतो आणि चहा तोच असतो, असं म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी जवळच्याच एका मळ्यात अश्विनी नावाची मुलगी विहिरीत पडली. ती एकोणीस वर्षांची होती, नर्सिंगचा कोर्स करत होती आणि सुटीला घरी आली होती. ठिबकचा कॉक फिरवायला गेली आणि शेवाळावरून पाय घसरला. पंचनाम्यात तसं लिहिलं आहे, आणि पंचनाम्यावर विश्वास न ठेवणारे त्या दिवशी विहिरीभोवती बरेच जमले होते.

मेहबूबभाईंनी नेहमीप्रमाणे कापड लपेटलं, गाठी मारल्या आणि हाक दिली. वरच्या चौघांपैकी एकाने दोर एकाच हाताने धरला होता. दुसऱ्या हातात मोबाइल होता. बाज अर्ध्यावर आली तेव्हा त्याचा हात घसरला, बाज तिरकी होऊन दगडी बांधकामावर आपटली, खांद्याची गाठ सुटली आणि कापड खाली गेलं. अंगावरचे कपडे पाण्याने आणि कपारीने फाटले होते. नऊ सेकंदांत बाज सरळ झाली. ती नऊ सेकंदं मोबाइलमध्ये आली आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही तालुक्यांत फिरली. काहींनी त्याखाली हात जोडल्याची चित्रं टाकली होती.

अश्विनीच्या आईला ती चित्रफीत दिसली नाही. घरच्यांनी तिचा मोबाइल काढून घेतला, पुढे साधा बटणाचा दिला. दहाव्यानंतर ती मेहबूबभाईंच्या दुकानात आली आणि तिने एकच गोष्ट विचारली. मुलगी वर आली तेव्हा अंगावर नीट होतं का? मेहबूबभाई म्हणाले, “झाकूनच आणली, ताई.” ती हो म्हणाली आणि गेली. त्यानंतर दर दिवाळीला त्यांच्या घरी तिच्याकडून फराळाचा डबा येतो.

एवढ्या वर्षांत मेहबूबभाई कामाबद्दल खोटं बोलले ते हे एकदाच. त्यांना यंदा जाहीर झालेल्या पुरस्काराचं प्रकरण इथूनच सुरू होतं.

दोन्ही तालुक्यांसाठी एक जनसेवा मंच आहे. अध्यक्ष रामदासभाऊ. मंच दरवर्षी जानेवारीत समाजासाठी झटणाऱ्यांना जनसेवा गौरव देतो, एक वर्ष जुन्नरला, एक वर्ष घोडेगावला. गेल्या वर्षीच्या बावीस मानकऱ्यांपैकी नऊ जण मंचाचे पदाधिकारी होते आणि दोघे त्यांचे व्याही. यंदा टीका नको म्हणून ‘तळातला एक माणूस’ घ्यायचं ठरलं. बैठकीत हेच शब्द वापरले गेले. विहिरीतल्या माणसाबद्दल बोलतोय हे लक्षात आल्यावर दोघेतिघे हसलेही.

रामदासभाऊ स्वतः दुकानात आले. मेहबूबभाईंनी आधी नको म्हटलं. मग आमिनाभाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, जायला सांगितलं. सत्तावीस वर्षं नवऱ्याचे विहिरीतून आलेले कपडे वेगळ्या बादलीत धुणाऱ्या बाईला एकदा त्याला चांगल्या खुर्चीत बसलेलं बघायचं होतं. मग मेहबूबभाईंनी होकार दिला. किती देह काढले, असं मानपत्रासाठी विचारलं गेलं. मोजले नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मानपत्रात शंभर छापलं. शंभर बरं दिसतं.

पुरस्कार अश्विनीच्या आईच्या हस्ते द्यायचा, ही रामदासभाऊंची कल्पना. तिच्या घरी गाडी पाठवायचं ठरलं. मेहबूबभाईंसाठी आहे म्हटल्यावर ती लगेच तयार झाली.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी रूपचंदशेठ घोडेगावच्या मंगल कार्यालयापुढच्या मंडपात मेहबूबभाईंना शोधत आले. शेठ मंचाचे खजिनदार आहेत. मोठ्या पडद्यावर प्रत्येक मानकऱ्याची दोन मिनिटांची चित्रफीत दाखवायची होती, आणि त्यांनी नुकतीच तिची तालीम पाहिली होती. चित्रफिती त्यांच्याच मुलाने, पारसने, बनवल्या होत्या. मेहबूबभाईंच्या चित्रफितीत ती नऊ सेकंदं होती. संथ गतीने चालवून ती वीस केली होती आणि खाली बासरी होती. शेठ म्हणाले की त्यांनी पारसला सांगून पाहिलं, पण तो भाऊंकडे बोट दाखवतो. एवढं सांगून ते जेवणाच्या व्यवस्थेकडे निघून गेले.

मेहबूबभाई रामदासभाऊंकडे गेले. भाऊ पाहुण्यांच्या खुर्च्यांवर नावं चिकटवून घेत होते. तेवढा तुकडा काढा, असं मेहबूबभाईंनी सांगितलं. पोरीची आई पहिल्या रांगेत असणार, तिला यातलं काही माहीत नाही, आणि आपण तिला शब्द दिलाय, हेही सांगितलं.

“अवो भाई, तोंड ब्लर केलंय,” रामदासभाऊ म्हणाले.

“आई हाये ती. तोंडावरनं वळखायची काय?”

“तुमी काम करता ते लोकांना दिसाय नको? नुसती मोटर दुरुस्त करतानाचा फोटो लावू का मग? रडू आलं पाहिजे, भाई. बाकीच्या एकवीस जणांत रडायसारखं हाये काय?”

मग भाऊ बघतो म्हणाले, पारसला सांगतो म्हणाले, आणि आमदार निघाल्याचा फोन आला म्हणून निघून गेले. मेहबूबभाई पडद्यामागे पारसकडे गेले. पारस चांगला शिकलेला, मृदू बोलणारा माणूस आहे. त्याने सांगितलं की त्याला कोणीही, अगदी वडिलांनीही, काही सांगितलेलं नाही, आणि आता फाइल बदलायची तर सगळी पुन्हा तयार व्हायला तीन तास लागतील. शिवाय त्याला ती चांगली झाली आहे असं वाटत होतं. काकूंना अभिमानच वाटेल, असं तो म्हणाला.

चारचा कार्यक्रम सहाला सुरू झाला. अश्विनीची आई पहिल्या रांगेत होती, शेजारी आमिनाभाभी. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि मांडीवर, रुमालात बांधलेला, घरचा एक हार होता. मंचाच्या हारांवर तिचा विश्वास नसावा. मेहबूबभाईंनी भाभींना फोन करून तिला बाहेर न्यायला सांगितलं होतं. भाभींनी दोनदा प्रयत्न केला. ती उठेना. नाव पुकारतील आणि आपण जागेवर नसू, हीच तिला धास्ती होती.

व्यासपीठावर मानकरी तीन रांगांत बसले होते. मेहबूबभाईंचा क्रमांक चौदावा. एक एक चित्रफीत होत गेली. एका संस्थाचालकाच्या फितीत तो झाडाला पाणी घालत होता, मग तेच झाड दुसऱ्या बाजूने. रक्तदानाबद्दल गौरवलेल्या गृहस्थाने फितीत बाही वर केली होती, पुढे काही नव्हतं. दहाव्याला एक माणूस स्वतःचाच सत्कार स्वीकारून खाली उतरला आणि निवेदकाचा माइक घेऊन पुढच्यांची नावं वाचू लागला, कारण तो मंचाचा सचिव होता.

बाराव्याचं नाव पुकारलं तेव्हा मेहबूबभाई उठले. लघवीला चाललेत असं शेजाऱ्याला वाटलं. ते व्यासपीठाच्या मागच्या जिन्याने उतरले, पिकअपवर ठेवलेल्या जनरेटरपाशी गेले आणि थांबले. जनरेटरवाला वडापाव आणायला गेला होता. तेरावी फीत संपली, टाळ्या झाल्या, निवेदकाने चौदावं नाव घेतलं आणि बासरी सुरू झाली. मेहबूबभाईंनी मेन स्विच पाडला.

पडदा गेला, माइक गेला, मंडपातले दिवे गेले. बाहेर रस्त्यावरच्या दिव्याचा थोडा उजेड होता. आमिनाभाभींनी अश्विनीच्या आईचा दंड धरला आणि अंधारात आपल्याला गुदमरतं, तेवढं बाहेर सोडून ये, असं सांगितलं. आजारी माणसाला नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती हारासकट उठली. दोघी फाटकाबाहेर रस्त्यावर आल्या.

वीज सहा मिनिटांनी परत आली. तोवर मेहबूबभाईंनी मेनवरचा हात काढला नव्हता. शेवटी मंचाच्या दोघा कार्यकर्त्यांनी त्यांना बाजूला ओढलं आणि धरून ठेवलं. त्यांना मारलं नाही, सत्कारमूर्ती होते. चित्रफीत पहिल्यापासून लावली. हजारभर लोकांनी वीस सेकंदं पाहिली. मागच्या रांगांत पन्नासेक मोबाइल वर झाले आणि पडद्याचं चित्रण करू लागले.

आईच्या हस्ते द्यायचं तर आई नव्हती. निवेदकाने सांगितलं की मातोश्रींना भरून आल्यामुळे त्या बाहेर गेल्या आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेहबूबभाईही नव्हते, म्हणून त्यांच्या वतीने रामदासभाऊंनी आमदारांच्या हातून शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह स्वीकारलं. तो फोटो दुसऱ्या दिवशी स्थानिक अंकात आला.

मेहबूबभाईंना सोडल्यावर ते आणि दोघी, अशी तिघं एसटीने परत निघाली. गाडी पाठवणाऱ्यांनी परतीची सोय ठेवली नव्हती. मंचरच्या स्टँडवर गाडी बदलताना अश्विनीच्या आईने विचारलं, “दादा, लाइट तुमी घालवली ना?”

मेहबूबभाई हो म्हणाले.

“काय व्हतं त्यात?”

“विहीर व्हती, ताई.”

तिने रुमाल सोडला आणि हार त्यांच्या हातात दिला. गळ्यात घातला नाही. तिला कळलं की नाही, हे मेहबूबभाईंना आजही सांगता येत नाही. यंदाच्या दिवाळीला डबा येतो का, ते बघू, असं आमिनाभाभी म्हणतात.

सन्मानचिन्ह मंचाच्या कार्यालयात पडून आहे. रामदासभाऊंच्या मते मेहबूबला सन्मान पचला नाही, आणि अशा लोकांना वर आणायचं म्हणजे फार अवघड काम.

मेहबूबभाई अजूनही जातात. फक्त कामात एक भर पडली आहे. विहिरीवर पोचल्यावर ते एक रिकामी बादली कठड्यावर ठेवतात आणि सगळ्यांनी मोबाइल त्यात टाकल्याशिवाय पाण्यात उतरत नाहीत. बादली पोलीस पाटलाच्या ताब्यात राहते. पहिल्यांदा हे मार्चमध्ये झालं, घोडेगावच्या वरच्या अंगाच्या एका गावात. लोक ऐकेनात. खाली एका म्हाताऱ्याचा देह पाण्यावर होता, आणि वर साठ माणसं खिशावर हात ठेवून वाद घालत होती. पाटलाने हात जोडले. मेहबूबभाई कठड्याकडे पाठ करून बसून राहिले.

शेवटी एकाने वैतागून मोबाइल बादलीत टाकला. “घ्या राव,” तो म्हणाला. “पण मग घरच्यांना काय दावायचं आमी?”

बादली भरायला चाळीस मिनिटं लागली. मग ते उतरले.