साडूंचा अकरावा प्रयोग

माझ्या साडूंच्या हाती बरी झालेली वस्तू पुन्हा एकदा आजारी पडल्याशिवाय घरी परत जात नाही, हे मी तापीच्या काठावर उभा राहून शपथेवर सांगायला तयार आहे. वस्तू दुरुस्त करणारी माणसं सुरतेत पुष्कळ आहेत आणि बिघडवणारी तर त्याहून जास्त. पण नीट झालेली वस्तू केवळ ज्ञानासाठी परत बिघडवणारा माणूस अख्ख्या शहरात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, वाट्याला आला.

आमचा मिक्सर त्यांनी एका दुपारी चालू केला. मी टाळ्या वाजवल्या, बायकोने चटणी वाटायला घेतली, आणि साडूंनी शांतपणे प्लग काढून तो पुन्हा खोलला. "अहो, चालतोय ना!" मी म्हणालो. "चालतोय हो, पण कसामुये?" मूळचे ते धुळ्याकडचे. एरवी आमच्याशी पुस्तकी मराठी बोलतील, पण कोडं पडलं की अहिराणी बाहेर येते. कसामुये म्हणजे कशामुळे. हा एक शब्द त्यांच्याकडून काढून घेतला तर मागे फक्त चष्मा आणि मिशा उरतील. एकदा त्यांना ताप आला. डॉक्टरांनी तीन गोळ्या दिल्या, दुसऱ्या दिवशी ताप उतरला. कुणीही देवाचे आभार मानून कामावर गेलं असतं. साडूंनी एकेक गोळी बंद करून पाहिली, कारण तिघींपैकी काम कुणी केलं हे कळायला हवं होतं. ताप परत आला तेव्हा ते अंथरुणात उठून बसले आणि आनंदाने ओरडले, "पिवळी! पिवळीच होती!" घरात आमटी जमून आली तरी बिचारीची उलटतपासणी होते. "आज काय वेगळं घातलंस?" यावर अक्काचं उत्तर ठरलेलं आहे, "तुम्ही गप्प होतात, तेच वेगळं."

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये ते रंगांची प्रयोगशाळा सांभाळत. व्यापारी कापडाचा एक तुकडा आणून देणार आणि साडूंनी हुबेहूब तोच रंग काढून द्यायचा. तिथले नियम कडक. एका वेळी एकच बदल करायचा, प्रत्येक प्रयोग वहीत मांडायचा, आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे रंग कधीही ट्यूबलाइटखाली पास करायचा नाही. ट्यूबलाइट खोटं बोलते. तुकडा दिवसाच्या उजेडात न्यायचा, तेही एकदम, वाटेत डोकावून न बघता, कारण आधी चुकीच्या उजेडात बघितलं की डोळा बाटतो. हा नियम साडू घरीही पाळत. अक्काची लग्नातली साडीसुद्धा त्यांनी दुकानाबाहेर फुटपाथवर उभं राहून पास केली होती, आणि मागून दुकानदार "भाई, साडी अंदर लावो!" करत धावत आला होता.

तर नव्वदीच्या शेवटाशेवटाची गोष्ट. साडूंची मुलगी मंजू कतारगामला साड्यांच्या डिझाइनच्या ऑफिसात लागली होती. दोन वर्षं ती दुसऱ्यांच्या वेलबुट्ट्यांत रंग भरत होती. त्या आठवड्यात शेठनी पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या आठ साड्या निवडल्या. सोमवारी सकाळी बाहेरगावचा मोठा व्यापारी त्या बघणार, आणि आवडल्या तर मंजू डिझाइनर म्हणून पक्की. शेवटचा हात फिरवायला शेठनी ऑफिसचा एकुलता एक लॅपटॉप रविवारपुरता घरी दिला होता. पाच वाजता त्यांचा माणूस तो परत न्यायला येणार होता.

लॅपटॉप तेव्हा आम्ही फक्त जाहिरातीत पाहिलेला. मी सकाळीच दर्शनाला नवागामला साडूंच्या घरी पोहोचलो. मंजू डोकं धुवायला गेली होती. साडू लॅपटॉपसमोर बसले होते आणि त्यांच्या हातात कसल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी होती.

"साडू," ते मला म्हणाले, "ह्याच्यात पडद्याला रंग दाखवायला शिकवणारा एक प्रोग्रॅम असतो, ड्रायव्हर म्हणतात. ह्याचा जुना आहे. सीडीत नवा आहे. पोरीचे रंग अजून खुलतील."

"मंजूला विचारलंत?"

"तिला आश्चर्य वाटेल."

वाटलं. केसांना पंचा गुंडाळून ती बाहेर आली तेव्हा पडदा काळाकुट्ट होता. दिवा जळत होता, आतला पंखा फिरत होता, पण चित्र नाही. "पप्पा," ती इतकंच म्हणाली. अक्का पोळ्या सोडून धावत आली. "हाई काय व्हयनं?" यावर साडूंनी कोरी वही काढली.

लॅपटॉपला आजारपणातला एक साधा वेश असतो, सेफ मोड. सुरू होताना एक कळ दाबून ठेवली की तो जेमतेम सोळा रंगांत उघडतो आणि चिन्हं पापडाएवढी दिसतात. साडू त्या वेशात शिरत, एकच बदल करत आणि लॅपटॉप बंद करून नेहमीसारखा सुरू करत. डोळा बाटू नये म्हणून सुरू होताना पडद्यावर अक्काचा पोळ्यांचा रुमाल टाकत. मग रुमालासकट तो लॅपटॉप, नवरदेवाला मांडवात आणावं तसा, दोन्ही हातांनी गॅलरीत नेत. तिथे भर उन्हात रुमाल काढत, डोळे बारीक करत, तिथूनच मला ओरडून सांगत, "लिहा. काळाच," आणि तो तिथेच बंद करून मगच आत आणत.

मी लिहीत होतो. पहिला प्रयोग, नवा ड्रायव्हर काढला, काळाच. दुसरा, रंगांची संख्या कमी केली, काळाच. चौथ्याला मंजूच्या बॅगेतल्या सीडीवरून मूळ ड्रायव्हर परत घातला. काळाच. मंजू मागे उभी राहून नखं खात होती. "पप्पा, ऑफिसात फोन करू का?" "आज रविवार आहे, बेटा. सातवा राहिलाय." जेवण झालं नाही. साडूंच्या पाठीला घामाने सदरा चिकटला होता. अकराव्या प्रयोगाला घड्याळात पावणेचार झाले होते. लॅपटॉप सुरू होत होता, रुमाल त्याच्यावर होता, साडू उचलायला वाकले, आणि अक्का आली.

"पोळ्या उघड्या पडल्यात माझ्या!" असं म्हणून तिने रुमाल ओढून घेतला.

खाली रंग होते! राणी, मोरपंखी, हळदी, सगळे. पडद्यावर एक अख्खी साडी झळकत होती.

आम्ही चौघं बघतच राहिलो. मग साडूंनी तो गॅलरीत नेला. काळा. आत आणला. रंगीत. पुन्हा गॅलरीत नेला. कापडाला जो उजेड लागतो त्याच उजेडात तो पडदा आंधळा होत होता. मंजू हसत हसत रडायला लागली. अक्का म्हणाली, "माले वाटनंच!" तिला काही वाटलं नव्हतं.

साडू मात्र वही घेऊन बसले. त्यांचा चेहरा पडला होता. "म्हणजे अकराच्या अकरा नोंदी खोट्या. तो चौथ्याला बरा झाला की अकराव्याला?" आणि हात पुन्हा त्या मासिकाच्या सीडीकडे गेला. "साडू, तासभर आहे. परत बिघडवतो, आणि ह्या खेपेला आतच बघतो. चौथा करून पाहिला की लगेच कळेल."

मी त्यांचं मनगट धरणार होतो. मंजू त्याआधीच त्यांच्यासमोर येऊन बसली.

"पप्पा, तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. उद्या त्या माणसाला दिसलं पाहिजे."

सीडी त्यांच्या हातात होती. ते तिच्याकडे पाहत होते, मग पडद्याकडे. चोवीस वर्षांच्या ओळखीत हे मी एकदाच पाहिलं. साडूंनी सीडी पाकिटात घातली आणि कारण न कळता एक वस्तू नीट राहू दिली. त्यांना किती जड गेलं असेल, तुम्हाला नाही कळायचं. मला थोडंसं कळलं.

मग ते म्हणाले, "सकाळपासून मी ह्याच्यात रंग शोधतोय. साडी बघितलीच नाही. दाखव."

ती एकेक उघडत गेली. तिसऱ्या साडीच्या पदराशी त्यांनी बोट नेलं. "हे काय आहे?"

"भुईमुगाची फुलं. आजीच्या शेतात बसून काढली होती."

"कधी?"

"मी आठवीत होते. तुम्ही विहिरीचा पंप खोलत होतात."

साडूंनी मान हलवली. मी वहीच्या नव्या पानावर पेन टेकवून तयार होतो, पण त्यांनी काही लिहायला सांगितलं नाही. ते नुसते विचारत राहिले, ही वेल अशी का वळली, हा हिरवा तुला कुठे दिसला, आणि ती सांगत राहिली. तिचे केस एव्हाना वाळून गेले होते.

पाचला बेल वाजली. शेठचा माणूस दारात उभा. मंजू उठायला लागली तशी साडूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान न वळवता म्हणाले, "बेसो ने भाई, चा पीने जजो. हजी एक साडी बाकी छे."

तो बसला. अक्का चहा टाकायला गेली. ती आठवी साडी मला दिसली नाही. मध्ये साडूंचं डोकं होतं, आणि मीही त्यांना जरा बाजूला सरका म्हणालो नाही.