पालेभाजीबंदी

नागपूरला यांच्या छातीत धातूची झडप बसवली आणि रोज संध्याकाळी सहाला रक्त पातळ ठेवायची गोळी मागे लागली. ती चुकली तर झडपेवर गुठळी धरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शिवाय, "पालेभाजी बेतानं." का, ते मी विचारलं नाही. माझा स्वभाव एक घाव दोन तुकडे. बेतानं कशाला, बंदच! मेथी, अंबाडी, तरोटा, वरणावरची कोथिंबीरसुद्धा मी घरात येऊ दिली नाही.

त्या वर्षी कापसाचे भाव पडलेले. हे कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला; जिनिंग आठवड्यातून दोनच दिवस चालायची. बाकीचे दिवस हे घरी, माझ्या नजरेखाली.

महिनाभरात दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. मग मांडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग दिसला. हे कुठं पडले नव्हते, धडकले नव्हते. आणि मी घाबरले की आधी भांडते.

"पथ्य मोडलं तुम्ही. जिनिंगमधी कोनाच्या डब्यातली भाजी खाल्ली, खरं सांगा!"

"नाही वं, काहीच नाही खाल्लं."

"मंग रक्त कायले येऊन राह्यलं?"

जिनिंग असेल त्या दिवशी मी स्वतः डबा घेऊन जाऊ लागले आणि जेवण संपेपर्यंत समोर बसू लागले. बाकीची माणसं हसायची. हे मान खाली घालून जेवायचे.

मग एका सकाळी नाकातून रक्त सुरू झालं, ते थांबेचना. टॉवेल भिजला. यवतमाळ येईपर्यंत ऑटोत मी यांचा हात सोडला नाही.

रक्त नको तितकं पातळ झालं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "पालेभाजी किती देता?"

"एक पान नाही," मी ताठ मानेनं म्हणाले.

"अहो, म्हणूनच! भाजीतलं के जीवनसत्त्व रक्त गोठण्यासाठी लागतं, गोळी त्यालाच अडवते. तुम्ही भाजीच तोडली, मग गोळी वरचढ होणारच. थोडी द्यायची, पण रोज सारखी."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. इथं तर नवराच जाणार होता.

यांना दोन दिवस ठेवून घेतलं. खाटेशी बसून मी रडले. "माहं चुकलं," म्हणाले.

नाकात बोळे घातलेले हे हळूच बोलले, "तू इतकी खात्रीनं बोले, मले वाटे, मीच खाल्लं असन कुठं तरी, अन् इसरलो असन."